पाहुण्यांचं पलायन-अंतर

तिचा अभ्यासाचा विषय असा होता, की प्राणी दिसला की त्याच्या दिशेने चालत जायचं आणि तो किती लांबून पळतो ते मोजायचं. या अंतराला शास्त्रात पलायन-अंतर म्हणतात. ते जास्त असेल तर प्राणी माणसाला भितो, कमी असेल तर तो माणसाला सरावला आहे, असा त्याचा अर्थ. एवढं समजून घेण्यासाठी तिने शिष्यवृत्ती मिळवली होती, विमानं बदलली होती, आणि जिथे तिला कोणी ओळखत नव्हतं अशा देशात येऊन आता ती सकाळ-संध्याकाळ एकेका जीवाला स्वतःपासून पळवून लावत होती. काम मन लावून करत होती, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

पद्धत ठरलेली होती. करडा कोट घालायचा. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. नजर सरळ प्राण्यावर. चाल एकसारखी, पंगतीतल्या वाढप्यासारखी घाईची नाही आणि मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातल्यासारखी लाजरीही नाही. प्राणी मान वर करील तिथे खिशातली वाळूची एक पुरचुंडी टाकायची, पळेल तिथे दुसरी. मग प्राणी जिथे होता तिथपर्यंत टेप लावायचा. टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नसे, म्हणून ते ती दगडाखाली ठेवी.

जागा म्हणजे विद्यापीठामागची जुनी बाग. कधीकाळी कोणा श्रीमंताची असावी. आता तिच्यात एक तळं, एक पडकी भिंत, माळ्यांच्या अवजारांची शेड आणि कोणी कापत नाही असं बरंच गवत होतं. तिथले ससे तिला बघायच्या आधीच पळत. खारी झाडाच्या पलीकडच्या अंगाला जात आणि तिथून डोकावून बघत, घरमालक आल्यावर भाडेकरू बघतात तसं. कबुतरं पळत नसत, बाजूला सरकत, आणि तेही उपकार केल्यासारखं. तळ्यातला राजहंस मात्र पहिल्याच दिवशी मान खाली घालून फुसफुसत तिच्या अंगावर चालून आला आणि तीच पळाली. पलायन-अंतर निघालं, पण ते तिचं निघालं, आणि तक्त्यात संशोधकासाठी रकाना नव्हता.

घरी हा विषय समजावून सांगायचा प्रयत्न तिने एकदा केला होता. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजाऱ्यांना सांगताना ‘वन्यजीव शास्त्रज्ञ’ एवढंच सांगायचं ठरवलं. मावशी, जी लग्न न करता त्यांच्याच घरी राहत होती आणि फोनवर दिसत नसली तरी प्रत्येक फोनमध्ये असे, ती म्हणाली, “म्हणजे आपण गेलो की समोरचा पळतो, त्याचा अभ्यास? छकुले, त्याला परदेशी कशाला जायला हवं होतं? मी इथे बसून पाच स्थळांची माहिती दिली असती.”

छकुली सव्वीस वर्षांची होती.

ती राहत होती ते घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, मध्ये एक स्वयंपाकघर. दुसऱ्या खोलीत एक मुलगी राहायची. ती इमारती बांधायचं शास्त्र शिकत होती. दोघींचं भांडण नव्हतं. भांडायला आधी भेटावं लागतं. छकुलीची किल्ली कुलपात फिरली की आतून कप ठेवल्याचा आवाज येई, मग पावलं, मग दार. गॅसवर दूध तापत असलं तरी ते अर्धवट तापलेलं आणि गॅस बंद केलेला सापडे. व्यावसायिक सवयीने छकुलीने या मुलीचंही पलायन-अंतर मनात काढून ठेवलं होतं. ते एक स्वयंपाकघर आणि थोडा जिना इतकं भरत होतं.

प्रयोगशाळेत सगळे कानाला काहीतरी लावून बसत. गाईडबाई भल्या होत्या, पण त्यांचं बोलणं दुरुस्त्यांमधून व्हायचं. दुकानात पैसे यंत्र घेई. बसमध्ये तिकीट यंत्र देई. एकदा ग्रंथालयाचं आपोआप उघडणारं दार तिच्यासाठी उघडलं तेव्हा ती त्याला “थँक्यू” म्हणून गेली, आणि आत जाईपर्यंत तिच्या लक्षात आलं की आज तिने तोंडातून काढलेला हा पहिला शब्द आहे. आवाज फाटलेला होता. बरेच दिवस न उघडलेल्या खिडकीसारखा.

आई मात्र रोज विचारी. जेवलीस का. थंडी आहे का. कोणी ओळखीचं झालं का. छकुली तिन्हीला “हो” म्हणे. थंडी खरोखरच होती. ओळखीच्या खात्यात तिने एक मैत्रीण तयार करून ठेवली होती. ती दुसऱ्या विभागात होती, दुपारी दोघी एकत्र डबा खात, तिला अंडं आवडे. मैत्रिणीबद्दल आईचे प्रश्न वाढत गेले तसे तिला दोन भाऊ आणि दम्याचा त्रासही झाला.

आणि मग, जरा ओशाळवाणी गोष्ट आहे, अंडं आवडणारं कोणीतरी खरंच आलं.

तळ्याच्या पलीकडे शेडजवळ एक बाकडं होतं. काम संपवून ती तिथे डबा उघडायची. भात आणि उकडलेलं अंडं. त्या दिवशी तिने घास उचलला तर समोर, दोन माणसं आडवी झोपतील एवढ्या अंतरावर, एक कोल्हा बसला होता. एका कानाचं टोक फाटलेलं. तो गुरगुरत नव्हता, शेपूट हलवत नव्हता. फक्त बघत होता. तिच्याकडे नाही, घासाकडे.

आता इथे छकुलीच्या घरची शिस्त आडवी आली. समोर कोणी बघत असेल तर त्याला दिल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही, हे त्या घरात इतकं पक्कं होतं की वीज-मीटर वाचायला आलेल्या माणसाला आईने एकदा जेवायलाच बसवलं होतं, आणि पुढच्या महिन्यापासून तो बरोबर बाराच्या सुमारास मीटर वाचायला येऊ लागला होता. संशोधनाच्या नियमांत प्राण्यांना काहीही खायला घालू नये असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. पण नियम लिहिणाऱ्यांच्या समोर बसून असं कोणी बघितलेलं नसावं. घास हातात धरून तिने जरा वेळ विचार केला. मग अर्धं अंडं गवतावर ठेवलं आणि म्हणाली, “घ्या.”

त्या देशात उघड्यावर, मोठ्याने, मराठीत काढलेला तिचा हा पहिला शब्द होता. कोल्ह्याला तो समजला.

दुसऱ्या दिवशी तो आला. तिसऱ्या दिवशी तो आधीच येऊन बसला होता. काही आठवड्यांत तो बाकड्याच्या दुसऱ्या टोकाशी बसू लागला. शास्त्राप्रमाणे त्याला नाव द्यायला मनाई होती, म्हणून ती त्याला नुसतं ‘पाहुणे’ म्हणे आणि अहो-जाहो करी.

“काय पाहुणे, आज उशीर? रस्त्यात ससा भेटला वाटतं. सावकाश खा, मेल्या, कोणी पळवत नाहीये.” प्रेम फार झालं की अहो-जाहो सुटायचं. “आमच्या गाईडबाई म्हणाल्या, दुसरं प्रकरण पुन्हा लिही. तुम्हाला काय, एकदा बीळ खणलं की झालं. त्याला कोणी शेरे मारत नाही.”

पाहुणे कान हलवत. फाटलेला कान जरा उशिरा हले. ती त्याला घरचं सांगे, मावशीचे टोमणे सांगे, बाबांच्या गुडघ्याचं सांगे. घसा मोकळा होई. तक्त्यात मात्र तिने त्याला घेतलं नाही. त्याचं पलायन-अंतर शून्य आलं असतं आणि शून्य का आलं हेही लिहावं लागलं असतं.

बागेचा व्यवस्थापक एका सकाळी तिला शोधत आला. हिरवं जाकीट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आवाज दवाखान्यातल्या माणसासारखा हळू. ती खारीच्या दिशेने चालत होती. त्याच्या किल्ल्यांनी खार पळाली, म्हणजे तो आकडा गेला.

“तुमचं काम मोडलं का?”

“नाही, नाही,” ती म्हणाली. “ती पळणारच होती.”

“एक कोल्हा आहे. कान फाटलेला. बघितलाय?”

“असेल.”

“तक्रार आलीय. एक गृहस्थ तळ्याकाठी पाव खात होते. हा येऊन समोर बसला. नुसता बसला आणि बघत राहिला. ते म्हणतात, असं त्यांच्याकडे कोणी कधी बघितलं नव्हतं.” व्यवस्थापकाने वही उघडून मिटली. “आमच्याकडे नियम आहे. जो माणसाला भीत नाही तो ठेवत नाही. इथे लहान मुलं येतात.”

“मग कुठे नेऊन सोडता?”

“सोडत नाही,” तो म्हणाला आणि बुटांकडे बघू लागला.

खारीने पलीकडून डोकावून पाहिलं.

“पण तुम्ही आहात म्हणून बरं झालं,” तो म्हणाला. “उगाच कोणाच्या सांगण्यावरून नको. तुमचा विषयच तो आहे. पुढच्या आठवड्यात मी येतो, तुम्ही माझ्यादेखत त्याच्याकडे चालत जा. वेळेवर पळाला तर पिंजरा लावत नाही. नाही पळाला, तर मग,” त्याने शेडकडे मान केली. दाराच्या फटीतून जाळीचं एक टोक दिसत होतं.

तिने गाईडबाईंना गाठलं. जे घडलं ते सगळं सांगितलं, म्हणजे स्वतःला सोडून सगळं.

“कोणीतरी खायला घालत असणार,” गाईडबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. “दर वर्षी कोणीतरी निघतं. त्यांना वाटतं आपण दया करतोय.”

“मग आता?”

“आता काय? तुझं काम मोजायचं. प्राण्याला पास करायचं नाही.” मग त्यांनी मान वर केली. “तू बारीक झालीयेस का? जेवतेस ना?”

“हो,” ती म्हणाली. सगळीकडे एकच उत्तर चालत होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने डबा नेणं बंद केलं. पाहुण्यांनी याचा अर्थ स्वयंपाकाला उशीर झालाय असा घेतला आणि जरा जवळ सरकून बसले. तिने कोट बदलला. पाहुण्यांनी नवा कोट हुंगून पसंत केला. तिने ओरडून बघितलं. पण तिथली भाषा ती वर्गात बसून शिकली होती, आणि त्या पुस्तकात डॉक्टरकडे जाणे, घर भाड्याने घेणे, हवामानाविषयी बोलणे असे धडे होते; कोणाच्या अंगावर ओरडण्याचा धडा नव्हता. तिच्या तोंडून जे निघालं त्याचा अर्थ साधारण ‘आपण कृपया थोडं पलीकडे व्हाल का’ असा होता. पाहुणे झाले नाहीत.

मग ती मराठीत ओरडली. “हाड. हाड म्हणते ना.” पाहुण्यांचे कान टवकारले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. या आवाजात अंडं असायचं.

घरी येऊन तिने स्वयंपाकघरात सराव केला. दार बंद करून, भिंतीकडे तोंड करून, पोटातून. तिसऱ्या वेळी दुसऱ्या खोलीचं दार किलकिलं झालं आणि ती मुलगी आपण होऊन बाहेर आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

“सगळं ठीक आहे ना?”

“हो. कोल्ह्याला हाकलायची तयारी करतेय.”

“अच्छा,” ती मुलगी म्हणाली. थोडा वेळ उभी राहिली, काहीतरी म्हणावं असं तिच्या मनात असावं. मग तिने दार लावलं आणि आतून कडीही घातली. तोवर कडी लागत नसे.

संध्याकाळी आईचा फोन आला. आई भाजी निवडत होती. फोन डब्याला टेकवून ठेवलेला, त्यामुळे आईची हनुवटी, हात आणि पंखा दिसत होता.

“आई, पाहुणा जात नसेल तर काय करायचं?”

हात थांबले. “कोण पाहुणा?”

“असंच विचारतेय.”

“असंच कोणी विचारत नाही. अहो, इकडे या. हिच्याकडे कोणीतरी राहायला आलंय.”

बाबांचा अर्धा चेहरा आला. “कोण आलंय?”

“राहायला नाही आला. येतो, जेवतो, जातो.”

“येतो,” मावशी कुठूनतरी म्हणाली. “ऐकलंत ना. येतो.”

“रोज?” आई.

“रोज.”

“काय करतो?” बाबा.

“काही नाही करत.”

“शिकलेला आहे?”

“बाबा, कोल्हा आहे.”

जरा वेळ फक्त पंखा दिसला.

“कोल्हे का?” मावशीचा आवाज उजळला. “आमच्या ऑफिसात होते कोल्हे. फार सज्जन.”

“शेपटीवाला कोल्हा, मावशी. चार पायांचा.”

“मग घालवतेस कशाला?” आई म्हणाली. “येतोय तर येऊ दे की बिचारा. देत जा काहीतरी.”

मग तिने सांगितलं. तो माणसाला भीत नाही म्हणून त्याला मारणार आहेत. आणि तो भीत नाही, कारण ती देते. वाक्यं छोटी होती तरी ती पुरी करायला वेळ लागला. बाबा पडद्यातून निघून गेले. त्यांना अशा वेळी पाणी प्यायची सवय होती.

“मग भीती घाल,” आई म्हणाली.

“कशी? त्याला खरं वाटत नाही.”

आईने एक शेंग मोडली, दोर ओढून काढला. “तू रांगायचीस तेव्हा सारखी शेगडीकडे जायचीस. किती वेळा उचलून आणलं, हसत परत जायचीस. तुला वाटायचं खेळ चाललाय. मग एकदा सणसणीत दिली हातावर. खरी दिली. पाचही बोटं उठली.”

“मग?”

“मग काय? दिवसभर माझ्याकडे आली नाहीस. मावशीच्या कडेवर बसून होतीस. मी हात पुढे केला की तोंड फिरवायचीस.”

“आणि मग?”

“रात्री आलीस झोपायला.” आईने दुसरी शेंग घेतली. “पण त्याने यायला नको ना?”

“नाही. त्याने यायला नको.”

“मग जास्त जोरात लागेल.” आई एवढंच म्हणाली. तिने हातातली शेंग मोडली. मग आईने विचारलं, “त्याच्याबरोबर जेवतेस रोज?”

“हो.”

“आणि ती अंडं आवडणारी?”

छकुलीने फोनचा कोन उगाच बदलला. आईने परत विचारलं नाही. भाजी निवडून झाली, तरी फोन तसाच डब्याला टेकून राहिला आणि आईचे हात रिकामे चाळणीवर होते.

सकाळी ती करडा कोट घालून बाकड्यापाशी गेली. पाहुणे आले. नेहमीच्या जागी बसले. तिने बोलायचं नाही असं ठरवलं होतं. ती लांब जाऊन उभी राहिली, वळली आणि त्याच्याकडे चालू लागली, सशांकडे चालायची तशी. चेहरा कोरा. नजर सरळ. बागेतल्या प्रत्येक जीवाने तिचा हा चेहरा पाहिला होता, एक त्यानेच पाहिला नव्हता. त्याने मान तिरकी केली.

खिशातून पुरचुंडी काढून तिने फेकली. ती त्याच्या खांद्याला लागली. पाहुण्यांनी ती हुंगली, पुढच्या पायाने उलटवली, आणि तोंडात धरून चावून बघितली. वाळू थुंकून टाकली आणि परत तिच्याकडे पाहिलं. स्वयंपाक बिघडलाय खरा, पण होतं कधीकधी, असा एकूण भाव.

दुसरी पुरचुंडी तिने खऱ्याने मारली. ती फाटक्या कानावर बसली. तो ओरडला नाही, घशातून एक बारीकसा आवाज आला, दार घासल्यासारखा. मागच्या मागे दोन पावलं सरकला. तरी थांबला. तेव्हा ती त्याच्या अंगावर धावली. तोंडाने काय ओरडत होती ते तिला नंतर आठवेना. मराठीच असावी. त्यात दुसरं प्रकरण होतं, तिकिटाचं यंत्र होतं, कडी होती, दम्याचा त्रास असलेली मैत्रीण होती. खिशातल्या सगळ्या पुरचुंड्या संपल्या, मग मातीची ढेकळं, मग टेपची डबी. कोल्हा गवतातून, शेडच्या मागून, भिंतीच्या खिंडारातून गेला. तळ्याकाठी पळायला आलेला एक माणूस थबकला, त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि आल्या वाटेने परत फिरला.

ती बाकड्यावर बसली. मग उठून पुरचुंड्या गोळा केल्या. त्या विभागाच्या होत्या, परत द्यायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तो आला, पण बाकड्यापर्यंत नाही. तिने परत तेच केलं. त्यानंतर तो शेडपाशीच थांबला. त्यानंतर भिंतीपाशी. तिने हात उचलायच्या आत जायला लागला, मग ती वळायच्या आत. तिच्या एकूण शिक्षणात अपेक्षेप्रमाणे चाललेला हा पहिलाच प्रयोग होता. रात्री तिला झोप लागत नसे, तर दुसऱ्या खोलीतूनही जागं असल्याचे आवाज येत. पण दोघींपैकी कोणी उठून गेलं नाही.

व्यवस्थापक ठरल्या दिवशी आला. वही, किल्ल्या, आणि थर्मासमध्ये दोघांसाठी चहा. “आधी काम,” तो म्हणाला. कोल्हा शेडच्या पलीकडे उन्हात बसला होता. ती चालू लागली. दहाएक पावलंही झाली नसतील, त्याने मान वर केली. तिने पुरचुंडी टाकली, आणि पुरचुंडीचा गवतावर आवाज झाला मात्र, कोल्हा जमिनीवर नव्हताच. भिंतीच्या खिंडारात फक्त शेपटीचं टोक दिसलं आणि गेलं.

“हा तर सशापेक्षा घाबरट आहे,” व्यवस्थापक म्हणाला. तो खूश झाला होता. त्यालाही पिंजरे लावायला आवडत नसावं. त्याने वहीत काहीतरी लिहिलं. “तुम्हाला बरं वाटलं असेल.”

“हो.”

“पण परत तक्रार आली तर मात्र माझा इलाज नाही हं. तुम्हाला भिणं वेगळं. काही खात बसलेल्या माणसाला भितो का, ते खरं.” त्याने थर्मासच्या झाकणात चहा ओतून तिच्यापुढे धरला. ती म्हणाली की तिला तास आहे. तास नव्हता.

हे तिच्या डोक्यातही आलं होतं. त्याला माणसाची भीती बसली होती, की फक्त करड्या कोटातल्या, मराठी बोलणाऱ्या एका बाईची? पहिलं असेल तर तो जगणार होता. दुसरं असेल तर तिने त्याच्याजवळून फक्त स्वतःला तेवढं काढून घेतलं होतं, आणि पिंजरा होता तिथेच होता. शास्त्रात या प्रश्नाचं उत्तर होतं. पुरेशी माणसं घ्या, एकेकाला चालत पाठवा, मोजा. तिच्याकडे माणसं नव्हती.

गाईडबाईंनी तक्ता तपासताना विचारलं, “तो कोल्हा यात का नाही? आकडा उत्तम आलाय म्हणे.”

“तो मोजायच्या आधीपासून ओळखीचा होता. नियमात बसत नाही.”

गाईडबाईंनी चष्मा काढला. तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. पुढे काहीतरी विचारतील असं वाटलं. “बरं केलंस,” त्या म्हणाल्या आणि चष्मा लावला. “दुसरं प्रकरण सुधारलंय.”

त्यानंतर ती संध्याकाळी बागेत जाऊन बसू लागली, पण बाकड्यावर नाही. तळ्याच्या अलीकडे दगडाची एक पायरी होती. कोल्हा शेडजवळ आला तर त्याला पळावं लागणार नाही, एवढी ती लांब होती. एवढं एक अंतर तिला आता टेप न लावता कळत होतं. तो दिसायचा तेव्हा गवताइतकाच दिसायचा. ती हलायची नाही. राजहंस एकदा जवळ येऊन फुसफुसला, तरी हलली नाही. कंटाळून तोच गेला.

अशाच एका संध्याकाळी एक म्हातारी बाई पिशवी घेऊन तळ्याला वळसा घालून आली आणि बाकड्यावर बसली. पिशवीतून पाव काढला. तुकडे करून बदकांकडे टाकू लागली. कोल्हा शेडच्या कोपऱ्यात उभा होता. पाव त्याला दिसला होता. लांबूनही तिला कळलं, कारण त्याचा चांगला कान वळला आणि फाटका जरा उशिरा वळला.

ती उठून उभी राहू शकली असती. ती उठली असती तर तो पळाला असता. पण मग तो तिला बघून पळाला असता, म्हणजे काहीच कळलं नसतं. ती बसून राहिली. मांडीवरचे हात तिने एकमेकांत घट्ट धरले.

बाईंना कोल्हा दिसला. त्यांचा चेहरा खुलला. पावाचा मोठा तुकडा घेऊन त्या वाकल्या, हात पुढे केला आणि तोंडाने चुकचुक केलं. त्यांच्या भाषेत त्या ‘ये, ये राजा’ असं काहीतरी म्हणत होत्या. कोल्ह्याने एक पाऊल पुढे टाकलं. पंजा अधांतरी थांबला.

मग तो वळला आणि गेला. उडी नाही, घाई नाही असंही नाही. भिंत, खिंडार, आणि मागे हललेलं गवत.

बाई हात पुढे करून तशाच उभ्या राहिल्या. आसपास कोणाला तरी सांगायला हवं म्हणून त्यांनी पाहिलं, तर पायरीवर करड्या कोटातली मुलगी होती. त्या चालत तिच्यापर्यंत आल्या.

“बघितलंस? किती घाबरला.”

“हो,” ती म्हणाली.

“एवढ्या लांबून. मी काही करणार होते का त्याला?” बाईंनी पावाचा तुकडा पिशवीत परत टाकला. “मारलं असेल कोणीतरी. लोक काहीही करतात.”

“असेल.”

बाई मान हलवत, स्वतःशी बोलत निघून गेल्या. तळ्यावर बदकं उरलेल्या तुकड्यांवरून भांडत होती. गवत हलायचं थांबलं होतं. पाव बघूनही तो निघून गेला होता, म्हणजे पिंजरा आता शेडमध्येच राहणार होता, आणि तो आज पुन्हा इकडे येणार नव्हता. ती तरी थोडा वेळ बसली. मग थंडी वाजायला लागली, तेव्हा उठून घरी गेली.